पाठ करत करत चिनी

[पडद्यावर: ब्रशने कागदावर उतरणारी तीन चिनी अक्षरे. मागे मुलांचा मोठ्याने म्हणण्याचा आवाज.]

रन्-ज-छू, शिंग-बन्-शान.
शिंग-श्यांग-जिन्, शी-श्यांग-युआन्.

चीनमधल्या मुलांचे शिक्षण कित्येक शतके या ओळींनी सुरू होत आले. पुस्तकाचे नाव 'सान्-ज-जिंग'. परंपरेनुसार त्याचा कर्ता तेराव्या शतकातला विद्वान वांग यिंगलिन. प्रत्येक चरणात तीनच अक्षरे, लहान मुलाच्या एका दमात मावणारी. अर्थ असा, की माणूस जन्मतो तेव्हा स्वभावाने चांगला असतो. स्वभाव सगळ्यांचे जवळपास सारखे. सवयी मात्र माणसांना एकमेकांपासून दूर नेतात.

याच्या जोडीला आणखी दोन पुस्तके असत. एक आडनावांचे. दुसरे 'छ्येन-ज-वन', सहाव्या शतकात ल्यांग घराण्याच्या वू सम्राटासाठी जौ शिंगस याने रचलेले. त्यात एक हजार अक्षरे, आणि एकही अक्षर पुन्हा येत नाही. अक्षरांचा हा क्रम शिकलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ असे. इतका, की सरकारी अधिकारी निवडणाऱ्या परीक्षांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या रांगांना आकड्यांऐवजी यातलीच अक्षरे क्रमाने दिलेली असत.

आता प्रश्न असा, की सुरुवातच पाठांतराने का?

[पडद्यावर: 'माणूस' या अर्थाचे अक्षर, दोन फटकाऱ्यांत.]

या अक्षराकडे कितीही वेळ पाहिले तरी त्याचा उच्चार कळत नाही. देवनागरीत 'क' दिसला की 'क' म्हणता येतो. इथे 'रन्' म्हणायचे, हे कुणाच्या तरी तोंडून ऐकावेच लागते. उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची आजची सरकारी पद्धत, फिनयिन, 1958 ची. जुन्या काळी मुलासाठी उच्चाराचा आधार एकच होता, गुरुजींचा आवाज. गुरुजी ओळ म्हणत, मुले मागून म्हणत, मग जागेवर बसून घोकत. पाठ झाले की मूल पुढे येई, पुस्तक मेजावर ठेवी, गुरुजींकडे पाठ फिरवून उभे राही आणि सगळे म्हणून दाखवी. अर्थ बऱ्याचदा पुष्कळ नंतर कळे. आपल्याकडे रामरक्षा जशी आधी जिभेवर बसते आणि समजते मागाहून, तसेच हे.

नवशिक्याला यात काय मिळते, हे पहिल्या सहा अक्षरांतच दिसते. प्रमाण चिनीत चार सूर आहेत: एक उंच आणि सपाट, एक वर चढणारा, एक खाली जाऊन उठणारा, एक झटक्यात उतरणारा. आता ऐका. 'रन्' चढतो. 'ज' आणि 'छू' सपाट. 'शिंग' उतरतो. 'बन्' तळाला जातो. 'शान' पुन्हा उतरतो. सहा अक्षरांत चारही सूर येऊन गेले! वर्गात 'मा' या एकाच अक्षरावर चार सूर घोटून घेतात, आणि ते घोटायलाच हवेत. पण बोलताना सूर असे रांगेने येत नाहीत. एका सुरातून दुसऱ्यात उडी मारावी लागते आणि शिकणाऱ्याची जीभ अडखळते ती नेमकी तिथे. पाठ केलेल्या ओळीत ही उडी आधीच बसलेली असते. हे सूर अर्थातच आजचे. तेराव्या शतकातला उच्चार वेगळा होता, आणि दक्षिण चीनमधल्या ग्वांगजौ शहरातले मूल हीच ओळ आजही तिथल्या कँटनीज भाषेत निराळ्या सुरांत म्हणेल.

[पडद्यावर: जुन्या गोव्याचा मांडवी किनारा.]

परक्या माणसांनीही चिनीची सुरुवात अशीच केली, आणि त्या गोष्टीत गोवा आहे. सप्टेंबर 1578 मध्ये लिस्बनहून निघालेले जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे दोन इटालियन पाद्री इथे उतरले, मिकेले रुज्जेरी आणि मात्तेओ रिची. रुज्जेरी पुढच्याच वर्षी चीनच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज वसाहतीत, मकावला गेला. दोन्ही भाषा येणारा शिक्षक तिथे मिळेना, म्हणून एका चिनी चित्रकाराने त्याला शिकवले. घोडा काढायचा, त्याच्याशी अक्षर लिहायचे, आणि सांगायचे: 'मा'. रिची 1582 मध्ये मकावला पोचला. चिनी अधिकाऱ्यांशी बोलायचे तर त्यांना जे मुखोद्गत आहे ते आपल्यालाही यायला हवे, हे दोघांनी ओळखले. सरकारी परीक्षेचा पाया होते कन्फ्यूशियन परंपरेचे चार ग्रंथ. रिचीने ते लॅटिनमध्ये आणले, आणि नव्या सहकाऱ्याला चिनी शिकवली ती याच ग्रंथांवरून.

पुढे 1662 मध्ये ज्यांगशी प्रांतात या ग्रंथांतला काही भाग छापला गेला. त्यात मूळ चिनी, रोमन लिपीतला उच्चार आणि लॅटिन अर्थ एकत्र होते. चारांपैकी 'जुंग-युंग' या ग्रंथाची छपाई 1667 मध्ये ग्वांगजौला सुरू झाली आणि पुरी झाली 1669 मध्ये, गोव्यात. चिनी शिकण्याच्या इतिहासातली ही नोंद आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पण नुसता आवाज पाठ केला तर काय होते? 'सान्-ज-जिंग'मध्ये लगेच पुढे येते: 'गौ-बू-ज्याओ', म्हणजे 'शिकवले नाही तर'. आजच्या चिनी मुलाला याच आवाजातून, याच सुरांतून ऐकू येते, 'कुत्रा भुंकत नाही'. 'जर' या अर्थाचा जुना 'गौ' बोलण्यातून गेला, आणि उरला कुत्रा. अर्थ न सांगता ओळ पाठ करून घेतली, तर मूल आयुष्यभर कुत्राच म्हणत राहील.

जुन्या परीक्षा 1905 मध्ये बंद झाल्या. 1920 पासून प्राथमिक शाळेत बोली भाषेची पुस्तके येऊ लागली, आणि ते योग्यच होते. जुन्या पुस्तकांतली अभिजात चिनी घरात कुणी बोलत नाही, तिच्यावर लहानपण खर्च करायला लावणे हा मुलांवर अन्यायच होता. तरी पाठांतर परत आले. 1994 पासून तैवानच्या वांग त्सायग्वेई यांनी मुलांकडून अभिजात ग्रंथ, स्पष्टीकरणाशिवाय, म्हणून घेण्याची चळवळ सुरू केली. चीनमध्ये काही पालकांनी मुलांना शाळेतून काढून दिवसभर पाठांतराला बसवले. त्यावर कडक टीका झाली, आणि सक्तीच्या शिक्षणाऐवजी असे वर्ग चालणार नाहीत, असे शिक्षण मंत्रालयाने 2019 मध्ये बजावले.

मग नवशिक्याने काय करावे? माझे मत स्पष्ट आहे. पाठ जरूर करावे, पण थोडे, आणि अर्थ त्याच दिवशी समजून घेऊन. सोबत आजची बोलती चिनीही हवीच. जुन्या ओळींतले 'जिन्' आणि 'युआन्' आजही जवळ आणि लांब याच अर्थाने रस्त्यावर चालतात. 'रन्-ज-छू'मधला 'चा-ची-चे' या अर्थाचा सुटा 'ज' आणि 'जर' या अर्थाचा 'गौ' रोजच्या बोलण्यात चालत नाहीत. हा फरक पहिल्या दिवसापासून माहीत असावा.

रेकॉर्डिंग ऐकूनही ओळी पाठ होतात, पण सूर चुकला तर रेकॉर्डिंग टोकत नाही. आणि चुकीचा सूर एकदा पाठ झाला की तो सोडवायला नवीन ओळ शिकण्यापेक्षा जास्त मेहनत पडते. म्हणून निदान पहिली काही पाने तरी समोर बसून ऐकणाऱ्या, तिथल्या तिथे थांबवणाऱ्या शिक्षकाकडेच म्हणावीत.