शेवटची गाडी

गाडी चुकली, असं मी सकाळी आईला सांगायचो. चुकतेय कसली! आम्ही चौघं चर्चगेटच्या फलाटावर उभे राहून तिचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत बघायचो आणि मागे फिरायचो. शेवटची लोकल ते पहाटे चारनंतरची पहिली, एवढ्या वेळातली मुंबई आमची.

झगमगाट वगैरे काही नव्हता. खिशात जेमतेम चहापुरते पैसे. १९४९च्या कायद्यानं दारूबंदी. परवाना मिळायचा तो प्रकृतीच्या कारणासाठी. विशीतल्या धडधाकट कवींना आजारी कोण ठरवणार? मग धोबीतलावला आंटीचं घर. येशूच्या तसबिरीखाली तांबडा दिवा, पलंगावर तिचा मुलगा पाढे लिहीत बसलेला आणि त्याच पलंगाच्या कडेवर आम्ही. पेला तोंडाशी नेला की नवसागराचा भपकारा. उकडलेलं अंडं आंटी दोऱ्यानं कापायची, सुरीला पिवळं चिकटतं म्हणून. एका अंड्याचे चार भाग, वर मीठ-मिरी. कुणी कविता मोठ्यानं म्हणायला लागला की म्हणायची, ‘हळू उलय रे पुता, सकयल हवालदार आसा.’ आमच्या कवितेवरची ती पहिली समीक्षा.

तिथून पायी काळा घोडा. १९६४च्या ३१ मार्चला शेवटची ट्राम गेली, पुढच्या वर्षी चौकातला घोड्याचा पुतळाही राणीच्या बागेत गेला. त्या रिकाम्या जागेभोवती बसून आम्ही लघुनियतकालिकांचे अंक ठरवायचो. सायक्लोस्टाइलची शाई नखांतून आठवडाभर जायची नाही. अंक मात्र आम्हीच लिहायचो, आम्हीच वाचायचो.

१९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. मी तो एका बैठकीत वाचला आणि चरकलो. आपण रात्रीत फिरायला जात होतो. ढसाळ तिथलेच होते. आम्हाला घरी नेणारी पहिली गाडी होती. त्या कवितेतल्या माणसांनी कुठली गाडी पकडायची? वर्षभर मी काही लिहिलं नाही. ते बरंच झालं म्हणा.

त्या काळातले कवीही गेले: अरुण कोलटकर २००४ला, दिलीप चित्रे २००९ला, ढसाळ २०१४ला. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार कॅफे २०१५ला बंद झालं. आमच्या चौघांतले दोघं उरलोत. तो डोंबिवलीला असतो, गुडघ्यांमुळे जिना उतरत नाही. मीही आठनंतर घराबाहेर नसतो.

रात्री तीनला लघवीला उठतो, मग झोप येत नाही. तेव्हा त्याला फोन लावतो. पहिल्याच रिंगला उचलतो.