पिन आधी वाकते

श्रोतेहो, नमस्कार.

आज येताना पिशवीत एक लोखंडी पिन घेऊन आलोय. 25 मिलिमीटर व्यासाची, माइल्ड स्टीलची, म्हणजे साध्या मऊ पोलादाची. टेबलावर सोडली तर सरळ घरंगळत नाही, लटपटत जाते, कारण ती मधोमध किंचित वाकली आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये चेन पुली टांगायच्या ब्रॅकेटमध्ये ती होती. बदलायला गेलो तर हाताने निघेना, हातोड्याने ठोकून काढली आणि मग वाक दिसला. या पिनेखालून माणसं रोज ये-जा करत होती. त्या रात्री मला झोप आली नाही.

आमचा हिशेब चुकीचा नव्हता, पण अर्धाच केला होता. कागद-पेन हाताशी असेल तर माझ्याबरोबर मांडा. ओझं अडीच टन. ढिली साखळी एकदम ताणली की झटका बसतो, म्हणून दुप्पट धरायचं, 5000 किलो. पिन दोन बाजूच्या पट्ट्यांमधून आणि मधल्या कडीतून जाते. म्हणजे तुटायची तर दोन जागी कापली जायला हवी. प्रत्येक जागी 2500 किलो. माइल्ड स्टीलला कातरताना चौरस मिलिमीटरला 6 किलो धरले, तर 417 चौरस मिलिमीटर लागतात. व्यास आला 23. आम्ही 25ची पिन घातली आणि निश्चिंत झालो.

वाकण्याचा हिशेब मात्र कुणीच केला नाही. पिन म्हणजे दोन टेकूंवरची छोटी तुळई. पट्ट्या 12 मिलिमीटरच्या, कडी 20ची, दोन्ही बाजूंना फट 3. अर्धी पट्टी 6, फट 3, कडीचा पाव भाग 5, असे झाले 14. त्याला 2500ने गुणलं की 35,000. आता व्यासाचा घन करा आणि 10ने भागा. 25 मिलिमीटरला येतात साधारण 1560. 35,000ला त्याने भागलं की ताण येतो चौरस मिलिमीटरला 22 किलोच्या वर. माइल्ड स्टील 25च्या आसपास कायमचं वाकतं, आणि आपण 16च्या वर जायचं नाही. म्हणजे कातरण्यात पास झालेली पिन वाकण्यात नापास!

त्यात मध्यंतरी ब्रॅकेट पुन्हा वेल्ड करताना पट्ट्या एकमेकींपासून लांब बसल्या आणि फट 3ची 10 झाली. वरवर पाहता काहीच बदललं नव्हतं. ओझं तेच, पिनही तीच. पण 14चे 21 झाले आणि ताण गेला 33च्या पुढे. आता माझ्या टेबलावर आहे ती हीच पिन.

30ची पिन घेतली तर 3च्या फटीला ताण 13वर येतो. पाचच मिलिमीटर वाढले, पण घनामुळे ताकद पावणेदोन पटीच्या जवळ जाते. हेच गणित झिजताना उलटं फिरतं. 30ची पिन झिजून 27 झाली की वाकण्यातली चौथाईपेक्षा जास्त ताकद गेली. म्हणून व्हर्निअर, म्हणजे जाडी अचूक मोजायचं माप, लावून मधोमध मोजा, जिथे कडी घासते तिथे. टोकाला मोजून काही कळत नाही. आणि बांधकामाची सळई कापून पिन म्हणून कृपा करून घालू नका. तिच्या रेघांमुळे ती भोकात नीट टेकत नाही.

आमच्याकडे आता 30ची पिन आहे. पट्ट्या जवळ आणून फट पुन्हा 3वर आणली आणि ती निसटू नये म्हणून टोकाला स्प्लिट पिन, म्हणजे टोकं फाकवायची बारीक पिन, लावली. दर शनिवारी ओझं उतरवून मी ती अंगठ्याने ढकलून पाहतो. अजून तरी सहज सरकते.