एआय कॅमेरा घेताना पैसे कुठे घालायचे?

(बेळगावात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, सुरुवातीलाच सांगून टाकतो. ‘एआय कॅमेरा’ म्हणून जे विकलं जातंय, त्यातला बुद्धीचा भाग, म्हणजे चित्रात माणूस आहे की जनावर हे ओळखणं, स्वस्त आहे. खर्च होतो तो व्हिडिओवर. दाबून आलेला तो व्हिडिओ उलगडायचा (डिकोड करायचा), साठवायचा आणि चोवीस तास वीज देऊन मशीन चालू ठेवायचं. दुकानात शिरून ‘एआयसाठी ग्राफिक कार्ड दाखवा’ म्हणालात, की दुकानदार खूश आणि तुमचा खिसा रिकामा.

आत काय घडतं ते बघा. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणि ओळखणं सांभाळणारं फ्रिगेट नावाचं मुक्त सॉफ्टवेअर उदाहरणाला घेतो, घरगुती कामात त्याचा वापर बराच आहे. बहुतेक आयपी कॅमेरे, म्हणजे नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवणारे कॅमेरे, एकाच वेळी दोन स्ट्रीम (व्हिडिओचे प्रवाह) देतात. मोठी स्ट्रीम तशीच्या तशी हार्ड डिस्कवर जाते. ओळखण्याचं काम लहान सब-स्ट्रीमवर चालतं, तेही सेकंदाला साधारण पाच फ्रेमच. त्यातही आधी एवढंच बघितलं जातं, की चित्रात काही हललं का? हललं तरच तेवढा भाग मॉडेलकडे, म्हणजे वस्तू ओळखणाऱ्या एआय प्रोग्रामकडे, जातो. ४ मेगापिक्सेलचं चित्र २५६० बाय १४४०, सब-स्ट्रीम ६४० बाय ३६०. म्हणजे सोळावा हिस्सा. एवढ्यासाठी कशाला हवंय ग्राफिक कार्ड?

इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये जे ग्राफिक्स मुळातच बसवलेलं असतं, ते घरच्या चार-सहा कॅमेऱ्यांना पुरतं. ओपनव्हिनो या इंटेलच्या सॉफ्टवेअरमुळे ओळखण्याचं मॉडेल त्याच्यावर चालतं आणि व्हिडिओही तेच उलगडतं. अट एकच, प्रोसेसर सहाव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. ऑफिसांतून निघालेले जुने डेस्कटॉप स्वस्तात मिळतात, पण त्यांत चौथ्या पिढीचे पुष्कळ असतात. आय-फाइव्हच्या पुढचा आकडा वाचा. ६५०० असेल तर सहावी पिढी, ४५९० असेल तर चौथी. व्हिडिओ दाबण्याच्या दोन पद्धती कॅमेऱ्यांत असतात, जुनी एच-२६४ आणि नवी एच-२६५. चौथीला एच-२६५ व्हिडिओ धड उलगडता येत नाही. सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो आणि पंखा रात्रभर ओरडत राहतो.

नवीनच घ्यायचं असेल तर एन-१०० प्रोसेसरचा मिनी पीसी बघा. २०२३ साली आलेला हा प्रोसेसर ६ वॅटचा आहे. अख्खा मिनी पीसी दहा-पंधरा वॅटमध्ये भागतो.

आता वॅटचं का बोलतोय? हिशोब करा. सतत ८० वॅट ओढणारं जुनं गेमिंग मशीन महिन्याला ५७-५८ युनिट खातं, १५ वॅटचं मशीन अकराच्या आत राहतं. आपल्याकडे कर्नाटकात गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत शून्य बिल येतं ते २०२२-२३ च्या सरासरी वापरावर थोडी भर घालून ठरवलेल्या युनिटपर्यंत. त्यापुढची युनिटं तुमच्या माथी, आणि महिन्याचा वापर २०० च्या वर गेला तर पूर्ण बिल. १६० युनिटच्या घरात फुकट मिळालेलं ८० वॅटचं मशीन आणून ठेवलंत, तर ते फुकट राहिलं का? हेस्कॉमचं, म्हणजे आपल्या वीज कंपनीचं, बिल आलं की कळतं.

रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या स्वस्त संगणकाबद्दल नेहमी विचारतात. २०२४ मध्ये पाय ५ साठी हेलो चिपचा एआय किट आला, १३ टॉप्सचा, म्हणजे सेकंदाला १३ लाख कोटी आकडेमोडी करणारा. आकडा ऐकायला झकास. पण पाय ५ मध्ये एच-२६४ उलगडणारं हार्डवेअरच नाही, फक्त एच-२६५ चं आहे. डोकं तेज, हात तोकडे. ओळखण्याचं काम करणारी गूगलची कोरल यूएसबी काडी चांगली चालायची, अजूनही चालते. जुनी असेल तर टाकू नका, नव्याने मात्र घेऊ नका.

वाचलेले पैसे लेन्सवर घाला. बाजारातल्या बहुतेक कॅमेऱ्यांना २.८ मिलिमीटरची रुंद लेन्स असते. अंगणाला ठीक. पण शेतघराचं फाटक २० मीटरवर असेल, तर सब-स्ट्रीममध्ये माणूस सात-आठ पिक्सेल रुंद दिसतो. त्यात माणूस कोण ओळखणार? तिथे ६ मिलिमीटरची लेन्स लावा, माणूस दुपटीहून जास्त पिक्सेल रुंद दिसतो. हजार रुपयांचा फरक लाखाच्या कार्डाने भरून निघत नाही.

आणि आपल्या पावसात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे कोळ्यांना आणि किड्यांना बोलावतात. लेन्ससमोर जाळं हललं की हालचाल, थेंब चमकला की हालचाल. मॉडेल त्यातलं बरंच गाळतं, पण काम वाढतंच. दिवा वेगळा आणि कॅमेऱ्यापासून लांब लावा, शिवाय आठवड्याला एकदा झाडू फिरवा.

इथून जवळच्या, जंगलालगतच्या खानापूरच्या एका शेतकऱ्यांनी मघाशी विचारलं, बिबट्या ओळखेल का? २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या शिरला होता, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. उत्तर, नाही. ही मॉडेलं बहुधा कोको नावाच्या चित्रसंग्रहावर शिकलेली असतात. त्यात ८० प्रकार आहेत. माणूस, कुत्रा, गाय, मोटरसायकल आहेत. हत्ती आणि अस्वल आहेत, खानापूरला तेवढं बरं. जिराफ आणि झेब्राही आहेत! बिबट्या नाही, म्हैसही नाही. बिबट्याला ते मांजर म्हणेल, कुत्रा म्हणेल, नाहीतर काहीच म्हणणार नाही. म्हणून गोठ्याच्या बाजूला कुठलाही प्राणी दिसला तरी इशारा येईल असं ठेवा. चार खोटे इशारे परवडतात.

साठवणीचं थोडक्यात. एका कॅमेऱ्याची सेकंदाला ४ मेगाबिटची स्ट्रीम दिवसाला ४३ जीबी होते. चार कॅमेरे सतत रेकॉर्ड केले तर १ टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. सतत रेकॉर्डिंग दोनच दिवस ठेवा आणि माणूस दिसला तेवढेच तुकडे महिनाभर. डिस्क सर्व्हेलन्सची, म्हणजे सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेली, घ्या.

शेवटचा प्रश्न मागच्या रांगेतून आलाय, नेट गेलं तर? ओळखणं आणि रेकॉर्डिंग घरातल्या मशीनवरच होतं, ते चालू राहतं. मोबाईलवर इशारा मात्र येणार नाही. वीज गेली तर सगळंच बंद, म्हणून मशीन, राउटर आणि कॅमेऱ्यांना वीज देणारा पीओई स्विच हे तिन्ही एकाच इन्व्हर्टर लाइनवर घ्या. बरेच जण स्विच विसरतात, आणि मशीन रात्रभर काळा पडदा बघत बसतं.