नऊच्या आधी, नऊ वाजता, नऊनंतर

१३ जुलै १९५५. लंडनच्या हॉलोवे तुरुंगात सकाळी नऊला रूथ एलिसला फाशी व्हायची आहे. वय २८. प्रियकराला तिने गोळ्या घातल्या, आणि कोर्टात ते नाकारलंही नाही.

त्याच सकाळी घरोघरी ‘डेली मिरर’ येऊन पडतो. खप ४० लाखांहून जास्त. त्यात ‘कॅसँड्रा’ या टोपणनावाने विल्यम कॉनर यांचा स्तंभ आहे. आज हवा सुरेख आहे, ते लिहितात. गवत वाळवायला, मासे पकडायला, उन्हात लोळायला छान दिवस. आणि तुम्हा लाखो लोकांना तसंच वाटत असेल, तर फाशी द्यायलाही.

पुढचा मजकूर घड्याळाच्या काट्यावर चालतो. नऊच्या आधी वाचत असाल, तर तुरुंगात शेवटची तयारी चालू आहे. नऊला वाचत असाल, तर तुम्ही-मी मिळून तिला संपवतो आहोत. नऊनंतर वाचत असाल, तर ती गेली. तिच्या तोंडावर टोपी चढवणारे हात आपले नाहीत, पण दोष आपला. गुन्ह्यावर पांघरूण घालायचं नाही आणि वाचकाला सुटूही द्यायचं नाही, हे फार थोड्यांना जमतं.

कॉनर यांचा जन्म १९०९ चा. आधी जाहिराती लिहिल्या, १९३५ साली ‘मिरर’मध्ये आले. १९४२ साली फिलिप झेक यांनी एक व्यंगचित्र काढलं: बुडालेल्या जहाजाचा खलाशी तराफ्याला कसाबसा धरून आहे. त्याखालची ओळ कॉनर यांची: पेट्रोल एका पेनीने महागलं. खलाशांचे जीव तेल कंपन्यांच्या नफ्यासाठी जाताहेत असा अर्थ काढून चर्चिल सरकार खवळलं, पेपर बंद करण्याची धमकी आली. कॉनर सैन्यात गेले. १९४६ साली परतल्यावर त्यांनी स्तंभ उघडला तो असा: मध्येच अडवलं गेलं तेव्हा मी सांगत होतो की...

पण ही लेखणी कधीकधी निर्दयही झाली. इंग्रज विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस यांनी युद्धात शत्रूच्या बर्लिनहून रेडिओवर भाषणं केली, तेव्हा १९४१ साली कॉनर यांनी बीबीसीवरून त्यांना देशद्रोही ठरवलं. तो घाव मला आजही अन्यायाचा वाटतो. पुढे दोघांची मैत्री झाली, आणि १९६१ साली कॉनर यांनीच जाहीरपणे लिहिलं की हे प्रकरण आता मिटवावं. लिबराची या पियानोवादकाविषयीच्या कॉनर यांच्या लेखापायी ‘मिरर’ला १९५९ साली ८,००० पौंड भरपाई द्यावी लागली.

रूथ एलिसनंतर ब्रिटनमध्ये एकाही स्त्रीला फाशी झाली नाही. १९६५ साली संसदेने खुनासाठीची फाशी पाच वर्षांपुरती थांबवली. १९६६ साली कॉनर ‘सर’ झाले आणि पुढच्याच वर्षी गेले. खुनासाठीची फाशी कायमची रद्द झाली १९६९ साली.