टाइनकॅसलच्या स्टँडमधली पलटण

नमस्कार मंडळी. आज एका जेवणाबद्दल बोलायचंय. एडिंबरातलं जेवण, म्हणजे स्कॉटलंड, नोव्हेंबर महिना, बाहेर बारीक पाऊस आणि हाडात शिरणारी थंडी. मी तेव्हा तिकडे होतो आणि शेजारचे एक आजोबा, सत्तरी ओलांडलेले, मला म्हणाले की रविवारी मोकळा असशील तर चल आमच्याबरोबर, आधी हेमार्केटला जाऊ आणि मग सगळे मिळून जेवू. आजोबा लहानपणापासून हार्ट्सचे म्हणजे हार्ट ऑफ मिडलोथियन या फुटबॉल क्लबचे सपोर्टर, टाइनकॅसल हे या क्लबचं मैदान, गळ्यात क्लबच्या गडद मरून रंगाचा मफलर, कोटावर लाल पॉपीचं फूल, तिकडे युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी लावतात ते.

हेमार्केट स्टेशनच्या बाहेर घड्याळाचं एक दगडी स्मारक आहे, पहिल्या महायुद्धात गेलेल्या हार्ट्सच्या माणसांचं, 1922 साली उभारलेलं. मधे ट्रामच्या कामासाठी ते हलवलं होतं, 2013 ला परत बसवलं. दरवर्षी नोव्हेंबरात युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी तिथे लोक जमतात, दोन मिनिटं सगळं शांत. आमच्या बाजूला एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन उभी होती आणि त्या पोराच्या गळ्यातही तोच मरून मफलर.

आता हे घड्याळ फुटबॉल क्लबचं का, ते सांगतो. 1914 चा सीझन चालू झाला आणि हार्ट्सने पहिल्या आठच्या आठ मॅच जिंकल्या, ग्लासगोच्या बलाढ्य सेल्टिक क्लबला पहिल्याच दिवशी 2-0 हरवलं, लीग यांचीच असं सगळे धरून चालले होते. पण ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झालेलं आणि पेपरात ओरड होती की धडधाकट पोरं खंदकात जायचं सोडून बॉल काय लाथाडतायत. त्या काळी तिकडे युनिफॉर्म नसलेल्या तरुणाच्या हातात पांढरं पीस द्यायचे, म्हणजे तू भित्रा. एडिंबराच्या पेपरात तर पत्र छापून आलं की क्लबचं नाव बदला आणि व्हाइट फेदर्स ऑफ मिडलोथियन ठेवा. विचार करा, टॉपला असलेली टीम आणि तिला हे ऐकावं लागतंय.

मग सर जॉर्ज मक्रे नावाचे माजी खासदार पुढे आले, वय 54, म्हणाले मी पलटण उभी करतो आणि मी स्वतः तिच्यासोबत जातो. 25 नोव्हेंबर 1914 ला हार्ट्सच्या अकरा खेळाडूंनी एकदम नाव नोंदवलं, आधीचे नंतरचे धरून एकूण 16. आणि क्लबने आपल्या प्रेक्षकांना जाहीर हाक घातली, की ऊन असो पाऊस असो तुम्ही आमच्या पाठीशी राहिलात, आता इथेही या.

आणि ते आले हो. हार्ट्सचे पाचशेच्या आसपास सपोर्टर आणि सीझन तिकीटवाले भरती झाले. एरवी ज्यांच्याशी हाडवैर त्या हिब्सचे, म्हणजे एडिंबरातल्याच दुसऱ्या क्लबचे सपोर्टर आले, रेथ रोव्हर्स आणि फॉलकर्कचे खेळाडू आले, पंधरवड्याच्या आसपास पलटण भरली. सरकारी नाव 16वी रॉयल स्कॉट्स, पण लोक म्हणायचे मक्रेज बटालियन, आजही तेच म्हणतात.

खेळाडूंबद्दल पुष्कळ लिहिलंय, फोटो आहेत, आणि ते सगळं बरोबरच आहे. रात्र रात्र मार्च करायचे, लशींनी अंग तापलेलं आणि तसंच मॅचला उतरायचे, शेवटी लीग चार पॉइंटने सेल्टिककडे गेली. टॉम ग्रेसीला ल्युकेमिया झालेला तरी तो खेळत राहिला, ऑक्टोबर 1915 मध्ये गेला. पण माझं मन अडकतं ते त्या पाचशे जणांपाशी. शनिवारी दुपारी कामावरून सुटून थेट स्टँडमध्ये येऊन ओरडणारी माणसं, त्यांच्या हातात कुणी पांढरं पीस दिलं असेल नसेल, ती गेली कारण त्यांची टीम गेली. हे प्रेम इतकं साधं होतं आणि त्याची किंमत एवढी मोठी लागली, हे मला अजून पचत नाही.

1 जुलै 1916, फ्रान्समधली सॉमची लढाई, सकाळी साडेसात. ला ब्वासेलजवळच्या उघड्या रानातून मशीनगनच्या तोंडावर चालत जायचं. त्यातले काही जण शत्रूच्या रांगा ओलांडून कोंतालमेझाँ गावापर्यंत पोचले, त्या दिवशी इतकं आत फार थोडे पोचले. हॅरी वॅटी, डंकन करी, एर्नी एलिस हे तिघे हार्ट्सचे खेळाडू त्याच एका दिवसात गेले. संध्याकाळपर्यंत अर्ध्याहून जास्त पलटण मेलेली, जखमी नाहीतर बेपत्ता. एडिंबरात ज्या गल्लीतून चार मित्र एकत्र मॅचला जायचे त्या गल्लीत चारही घरी पत्रं आली असतील, कारण एकत्र भरती झालेले एकत्रच उभे होते. कोंतालमेझाँला 2004 मध्ये पलटणीचं दगडी स्मारक झालं, म्हणजे 88 वर्षं लागली.

तर जेवण. लांब टेबलं, सूप, मग स्टेक पाय, म्हणजे मैद्याच्या पारीखाली भाजलेलं बीफ, आणि बटाटे. आजोबा म्हणाले आमच्याकडे कुणाच्या अंत्ययात्रेनंतरही हेच असतं. मला आपली पितृपक्षातली पानं आठवली, गेलेल्याच्या आवडीचं वाढायचं आणि त्याचं नाव घ्यायचं. सूप येण्याआधी एकेका टेबलावरून माणसं उठली आणि एकेक नाव बोलली. टीमची नावं नाही हं, आपापल्या घरातली. कुणाच्या आजीचा भाऊ, कुणाच्या पणजोबांचा शेजारी. आजोबा उठले, एक नाव घेतलं, म्हणाले हा माझ्या आजोबांच्या शेजारी उभं राहून मॅच बघायचा, आणि बसले. बराच वेळ त्यांनी चमचा उचलला नाही. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, एवढंच.

परत येताना बस हेमार्केटवरून गेली. घड्याळात पावणेचार झालेले, तिकडे नोव्हेंबरात त्या वेळेला अंधारून येतं. पायरीवर पॉपीच्या माळांच्या मधे कुणीतरी एक मरून मफलर नीट घडी करून ठेवला होता आणि त्यावर पाऊस पडत होता.