कारण : घागर

अध्यक्ष महाराज, आणि बाहेर एवढं ऊन असताना या पत्र्याखाली येऊन बसलेले धुळेकर! पत्रिकेत माझा विषय छापलाय 'टाळेबंदीच्या नोंदी : एक दस्तऐवज'. एवढं जड नाव मी दिलेलं नाही, संयोजकांनी दिलं. येऊ त्यावर. आधी माझ्या घागरीचं सांगतो, ते पाच वर्षं घशात अडकलंय.

तुम्हाला आठवत असेल, २२ मार्च २०२० च्या रविवारी आपण ताटं वाजवली. अमळनेरला आमच्या गल्लीत एकाने हौसेने घरातली पितळी परात बडवली आणि तिला पोचा पाडला. त्याची बायको अजून कणीक मळताना त्या पोच्यावर बोट ठेवून त्याच्याकडे बघते. मग बुधवारी गुढीपाडवा, आणि त्याच दिवशी टाळेबंदी. एकवीस दिवस म्हणाले. एकवीसच्या पुढचं गणित आपल्याला कुणी शिकवलंच नाही.

चैत्र-वैशाख म्हणजे आपल्याकडे वाळवणाचे दिवस. बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, एकटीने होत नाहीत. एक चाटू फिरवणार, एक थापणार, दोघी खाटेवर टाकणार आणि पाचवी नुसती गावभरच्या गोष्टी पुरवणार. त्या वर्षी आमच्या घरी बिबडे मी थापले. (हसू नका. मुद्दाम जाड ठेवले होते.)

तर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. २६ एप्रिल, पुन्हा रविवार. वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झालेली. आमची आई गावात एकटी, बोरीकाठी, अमळनेरपासून नऊ किलोमीटर. आता आखाजीला गेलेल्या बापाच्या नावाने पाण्याची घागर भरायची आणि मुलगा नऊ किलोमीटरवर बसून राहणार, हे खानदेशात कसं जमायचं? सकाळी सहाला मोटारसायकल काढली. तोंडाला उपरणं, डिक्कीत घागरीवर ठेवायला डांगर, शहरी लोक ज्याला खरबूज म्हणतात ते. पोलीस एका नाक्यावर भेटले, त्यांनी डांगर बघून सोडलं. तेही आपल्याच बाजूचे असणार.

गावाच्या तोंडाशी मात्र बैलगाडी आडवी, तिच्या दोन्ही बाजूंना बाभळीचे काटे. गाडीवर टेबलाची फळी टाकून एक पोरगा बसलेला, पुढे दोनशे पानी वही. माझाच विद्यार्थी. दहावीला मी त्याला मराठी शिकवलं. उठून उभा राहिला, लांबून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, बाहेरगावच्यांना बंदी आहे."

"अरे, मी बाहेरगावचा?"

"तुम्ही अमळनेरहून आले ना सर. तिकडे पेशंट निघालेत."

मी वाद घातला. ज्या बाभळीचे काटे तोडले ती माझ्या आजोबांच्या बांधावरची आहे, इथपर्यंत गेलो. तो ऐकेना. मान खाली घालून त्याने वहीत माझं नाव घातलं, गाव, वेळ आणि 'कारन : घागर'. मी म्हणालो, "ण लिही, ण. बाणातला." त्याने खोडून दुरुस्त केलं. गावात मात्र घेतलं नाही.

तेवढ्यात कुणीतरी आईला सांगितलं. ती डबा घेऊन आली आणि काट्यांच्या पलीकडे उभी राहिली. आमच्यात वीस पावलं. तिने डबा जमिनीवर ठेवला, मागे सरली. पोराने झाकणावर सॅनिटायझर ओतलं, मग मी पुढे झालो. खापरावरचे मांडे आणि आमरस. आई तिकडून ओरडली, "मी तुले देखी लिधं, बस! जाय आते, ऊन व्हई राह्यनं!" घागर तिने शेजारच्या पोराच्या हातून भरली. मांड्यांना सॅनिटायझरचा वास येत होता, आणि मी ते रस्त्याच्या कडेला निंबाखाली बसून सगळे खाल्ले.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, पाच मिनिटं. बरं, आता विषय.

माझी आजी १९१८ च्या फ्लूच्या साथीतून वाचलेली. त्या साथीबद्दल आमच्या घरात एकच शब्द उरलाय, 'मानमोडी'. किती गेले, कोण गेले, कुणी खांदा दिला, काही नाही. मामलेदाराने जे लिहिलं असेल ते सरकारी. आपल्या वेळीही सरकारी आकडे राहतीलच. पण सुरतहून, नाशिकहून, कल्याणहून कोण कधी परतलं, कुणाला जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं, हे गावोगावच्या त्या दोनशे पानी वह्यांतच आहे. आणि इथल्याच आग्रा रोडने डोक्यावर बोचकं घेऊन पळासनेर-सेंधव्याकडे चालत गेलेली माणसं तर कुठल्याच वहीत नाहीत. ८ मे च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा जण मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून निघाले होते, आपल्या भुसावळला गाडी मिळेल म्हणून. मेले म्हणून त्यांची नोंद झाली.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला याच धुळ्यात गेले. जन्मभर गावोगाव हिंडून लोकांची दप्तरं धुंडाळणारा माणूस. त्यांच्या गावात हे सांगायला लागू नये, पण सांगतो. आपल्या गावची वही शोधा. मी आतापर्यंत तीन मिळवल्या. एकीला वाळवी लागली होती. दुसरीच्या मागच्या पानांवर दुधाचा हिशोब आहे, तो फाडू दिला नाही, कारण २०२१ मध्ये दुधाचा भाव काय होता तेही त्यात आहे. तिसरी आमच्या गावची. अनुक्रमांक एक्केचाळीस वाचतो : 'सर. गाव, बाहेर. वेळ, सात दहा. कारण, घागर. शेरा, वापस.'

वही इथे टेबलावर ठेवतोय. चहा झाल्यावर बघा, पण हात पुसून.