स्विच ऑन झालं, पुढे काय?

ते व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. बाळाच्या कानामागे कॉक्लिअर इम्प्लांटचं यंत्र लावतात, आईचा आवाज पहिल्यांदा पोचतो, बाळ हसतं, आई रडते. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणारी तज्ज्ञ. खरं सांगू? माझं काम तिथून पुढे सुरू होतं, आणि ते कुणी शूट करत नाही.

बरीच बाळं त्या वेळी हसत नाहीत, दचकून भोकाड पसरतात. मला तेही चालतं. रडलं म्हणजे पोचलं!

आता कान बघू. आतल्या कानात अडीच वेढ्यांचा एक शंख असतो, कॉक्लिआ. त्यातल्या साधारण 3,500 केसपेशी आवाज नसेपर्यंत पोचवतात. त्या गेल्या, की श्रवणयंत्रानं आवाज कितीही वाढवा, पुढे न्यायला कुणी उरलेलंच नसतं. कॉक्लिअर इम्प्लांट त्यांना वगळून थेट नसेला वीज देतं. वीज देणारे बिंदू, म्हणजे इलेक्ट्रोड, एका तारेवर असतात. किती? 12 ते 22. बास!

ही तार कानातल्या शंखात आत सरकणार कशी, हीसुद्धा मोठी अडचण होती. ऑस्ट्रेलियाचे कानाचे सर्जन ग्रॅम क्लार्क 1977 मध्ये समुद्रकिनारी बसून एका शंखात गवताची पाती घालून बघत होते. टोकाशी लवचीक, बुडाशी ताठ असं पातं छान आत गेलं. 1978 मध्ये मेलबर्नला त्यांनी अनेक इलेक्ट्रोडचं इम्प्लांट बसवलं.

बरं, माझं काम म्हणजे मॅपिंग: प्रत्येक इलेक्ट्रोडला किती करंट द्यायचा ते ठरवणं. समोर चार वर्षांची मुलगी, गालाशी ठोकळा धरलेला. बीप ऐकू आलं की ठोकळा डब्यात. मी करंट एकेक पायरी वाढवते. आधी डोळे हलतात, हात मागून येतो. तो आकडा मी टिपून घेते. मग पुढचा इलेक्ट्रोड. कंटाळली की ठोकळे आपोआप पडायला लागतात, तेव्हा मुकाट्यानं लॅपटॉप मिटायचा.

संशोधनाकडे मला याच मॅपिंगनं ओढलं. यंत्र तेच, ऑपरेशन तसंच. एक जण फोनवर गप्पा मारतो, दुसऱ्याला ओठ पाहिल्याशिवाय शब्द लागत नाही. असं का? बहिरेपण किती वर्षांचं, नस किती शाबूत, तार नसेच्या किती जवळ, सगळं मोजावं लागतं. शिवाय कॉक्लिआतल्या द्रवात वीज पसरते, त्यामुळे शेजारचे इलेक्ट्रोड एकमेकांच्या हद्दीत घुसतात.

तरी बोलणं कळतं कसं? 1995 मध्ये संशोधक रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी बोलण्याच्या आवाजाचे खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत फक्त चार पट्टे करून, त्यात नुसती खरखर भरून लोकांना ऐकवली. शांत खोलीत, थोड्या सरावानंतर, बहुतेक वाक्यं लोकांना कळली.

तुम्हीही ऐका.

[चार पट्ट्यांतलं वाक्य]

नाही कळलं? मी म्हणत होते, 'खिडकी लावून घे, पाऊस येतोय.' आता पुन्हा.

[तेच वाक्य]

आलं ना लक्षात? आता याच चार पट्ट्यांतून बासरी.

[बासरी]

ताल कळतो, सुरांचा पत्ता नाही. चाल ओळखलीत तर कॉमेंटमध्ये लिहा. मला अजून ओळखता येत नाही, आणि निवडली मीच होती.